पाचव्या रेसचा शब्द

माझ्या नातीचं, लुंबिनीचं लग्न २०२३ च्या मे महिन्यात नांदेडला झालं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. विरूपाक्ष खास उदगीरहून लग्नाला आला आणि जिना चढता चढता मध्येच कठड्याला धरून उभा राहिला. वऱ्हाडी त्याच्या बाजूनं वर जात होते. मी खाली गेलो.

"काय झालं, आप्पा?"

"काही न्हाई. तुमचे पाहुणे लई उंचावर राहायलेत," तो म्हणाला आणि हसला. पण त्याचे ओठ निळसर पडले होते आणि पुढच्या पायरीवर पाय टाकायला त्याला बराच वेळ लागला.

विरूपाक्ष निडवंचे म्हणजे उदगिरातला भांड्यांचा व्यापारी. जातीनं लिंगायत. मी बौद्ध, रेल्वेत गँगमन. नोकरीची बरीच वर्षं माझी उदगीरच्या पट्ट्यात रूळ सांभाळण्यात गेली. आमची ओळख भांड्यांवरून झाली नाही, घोड्यांवरून झाली. एकदा मी पासावर हैदराबादला चाललो होतो. समोरच्या बाकावरचा माणूस पेपरातल्या घोड्यांच्या नावांवर बोट ठेवून पुटपुटत होता. मी विचारलं, हे घोडे कुठं पळतात? तो म्हणाला, "चला, दाखवतो." मी गेलो. तेव्हापासून सालातून दोन-तीनदा आम्ही मलकपेठच्या रेसला जात आलो. मला वाचता यायला लागलं ते चाळिशी उलटल्यावर. तोवर घोड्यांची नावं तोच मला वाचून दाखवायचा.

उदगिरात मी त्याला अहो-जाहो करायचो. भांड्यांच्या दुकानाचा मालक आणि गँगमन, लोकांसमोर दुसरं काही शोभलं नसतं. बस जहीराबादच्या पुढे गेली की मीही 'तू'वर यायचो. हे कधी ठरवलेलं नव्हतं.

लग्नानंतर पावसाळा गेला. दिवाळी झाली आणि त्याच्या मुलाचा, मृत्युंजयचा मला फोन आला.

"काका, आप्पांच्या हृदयाची एक झडप आवळत चाललीय. लातूरचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर माणूस आणखी चांगली वर्षं काढेल. नाही केलं तर फार दिवस नाहीत."

"मग करा की."

"आप्पा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. बघू म्हणतात. महिना झाला, बघूच चाललंय. तुम्ही त्यांना एकदा रेसला घेऊन जा. तिथं ते तुमचं ऐकतात. येताना हो घेऊन या."

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी उदगीरला गेलो. रविवारी तांबडं फुटताना आम्ही हैदराबादची बस धरली. सून वर्षाराणीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. गोळ्यांचं पाकीट तिनं माझ्याकडे दिलं, त्याच्याकडे नाही.

"बघितलास का, ग्यानोबा," बस सुटल्यावर तो म्हणाला, "घरात माझा भरवसा राहिला न्हाई. गोळ्यासुद्धा परक्याच्या खिशात."

"मी परका हाय व्हय?"

"गोळ्यांपुरता."

बिदर गेलं, जहीराबाद गेलं. माझ्या मनात मृत्युंजयचं बोलणं घोळत होतं, पण सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी त्यानंच सुरुवात केली.

"पोरानं तुला पढवून पाठवलंय. हाय का न्हाई?"

"हाव."

"मग बोल की."

"बोलायचं काय त्यात? ऑपरेशन करून घे. भ्याव वाटतंय का?"

खिडकीबाहेर उसाची ट्रॉली मागं पडत होती, ती पार दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

"एखादा मानूस अशा वक्ताला नवस बोलतो," तो म्हणाला. "कौल लावतो. तुमच्यात ते चालत न्हाई."

"न्हाई. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आमच्या बापानं."

"आमच्यातबी न्हाई. गळ्यात लिंग असताना दुसऱ्या देवाच्या दारात कामून जायचं, असं माझा बाप म्हनायचा. मग आपल्यासारख्यानं इचारायचं कुनाला?"

"डॉक्टरला."

"डॉक्टर दोन्ही बाजूनं बोलतो. घोडा एकाच बाजूनं पळतो." तो माझ्याकडे वळला. आवाजात आता मस्करी नव्हती. "ऐक. पाचव्या रेसला मी एक घोडा लावनार. तो पयला आला तर मी ऑपरेशनला जातो. दुसरा आला, तिसरा आला, तर न्हाई. आन् न्हाई तर न्हाई. पुन्यांदा ते नाव घरात कुनी काढायचं न्हाई. मृत्युंजयनं न्हाई आन् तूबी न्हाई."

"जिवाची रेस लावायलास व्हय रं?"

"हात दे."

मी लगेच हात दिला नाही. पण माझा त्याच्या नजरेवर विश्वास होता. इतक्या वर्षांत मी त्याला उगाच एकही घोडा लावताना पाहिलं नव्हतं. पेपरातलं भविष्य तो वाचायचा आणि घडी करून बाजूला ठेवायचा. त्याचा खरा कारभार पॅडॉकपाशी. रेसच्या आधी मोतद्दार घोड्यांना लगाम धरून जिथं गोल फिरवतात, त्या कठड्याला तो छाती टेकवून उभा राहायचा. नंदीच्या शिंगांमधून लोक पिंड बघतात, तसा समोरून येणाऱ्या घोड्याच्या दोन कानांमधून बघायचा. मान खाली सोडून, लांब पावलं टाकत, आपल्याच नादात चालणारा घोडा त्याला पसंत पडे. मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस असलेला, मान झटकणारा घोडा कितीही नावाजलेला असो, तो सोडून द्यायचा. म्हणायचा, असा घोडा आपली रेस इथंच पळून घेतो, मैदानात पळायला त्याच्याकडे काही उरत नाही. ही नजर चुकायची, पण क्वचित. मला वाटलं, हा माणूस मनातून हो म्हणतोय, फक्त घोड्याच्या तोंडून म्हणणार आहे. म्हणून मी हात दिला.

मलकपेठला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. फाटकापाशी नेहमीचेच लोक. बगलेत पेपर, कानामागे पेन, डोक्याला रुमाल. तिथं कुणी कुणाचं गाव विचारत नाही, घोडा विचारतात. एक म्हातारा हैदराबादी गृहस्थ विरूपाक्षला बघून ओरडला, "आओ उदगीरवाले! हम समझे तुम निकल लिए!"

"अभी टिकट नहीं निकला, मियाँ," विरूपाक्ष म्हणाला. दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

पहिल्या चार रेस नेहमीसारख्या झाल्या. पायऱ्या चढायला नको म्हणून आम्ही खालीच, कठड्यालगत बसलो. दोन रेस त्यानं नुसत्याच पाहिल्या. तिसरीला त्यानं निवडलेली तांबडी घोडी पहिली आली, तेव्हा त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. चेहरा अगदी जुना झाला होता, म्हणजे पूर्वीच्या विरूपाक्षसारखा. दशम्या खाल्ल्या. मी गोळी दिली, ती त्यानं मुकाट्यानं घेतली.

पाचवीसाठी घोडे पॅडॉकमध्ये आले. आम्ही दोघं कठड्याला उभे राहिलो. दोन नंबरचा काळसर घोडा असा चालत होता, जणू सकाळी शेतावर निघालाय. मोतद्दाराच्या हातात लगाम सैल होता. मी मनात म्हटलं, हाच. मागून सात नंबर आला. उंच, तांबडा, दिसायला देखणा. पण मानेवरून घाम निथळत होता. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा फेस. तो आडवा चालत होता, मान झटकत होता आणि मोतद्दार दोन्ही हातांनी लगामाला लोंबकळत होता.

विरूपाक्षनं दोन्ही घोडे पाहिले. दोन नंबरला तर दोनदा पाहिलं. मग खिडकीकडे गेला आणि सात नंबरचं तिकीट मागितलं.

मी त्याचा दंड धरला. "आप्पा, सातला घाम हाय."

"उन्हाचा असंल."

"डिसेंबरात? दोन नंबर बघ, कसा चालायलाय."

"बघितला."

"मग?"

"मग काय? माझा घोडा, माझा हात."

तिकीट घेऊन तो परत चालू लागला. मी तिथंच उभा राहिलो. खिडकीमागच्या माणसानं मला विचारलं, आपको कौनसा? मी मान हलवली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या मागं जाऊन मी सरळ त्याच्यापुढं उभा राहिलो.

"तू हरायलाच आलास की रं."

तो खाली बसला. बसताना त्याला धाप लागली होती.

"तुला 'न्हाई' म्हनायचंय तर तोंडानं म्हन. घोड्याला कामून मधी घालायलास?"

"तोंडानं म्हनता येत न्हाई."

"कामून?"

त्यानं तिकीट बोटांत फिरवलं. मग बायकोबद्दल बोलला.

"मल्लम्माचं ऑपरेशन झालं, तवा तू नांदेडला होतास. आत न्यायच्या आधी अंगावरचं सगळं काढून घेतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी. तो नेमच हाय, त्यांची काही चूक न्हाई. नर्सबाईनं गळ्यातलं लिंगबी काढलं. चांदीच्या चौक्याच्या डबीसकट पिशवीत घातलं, वरून तोंड बंद केलं आन् आनून माझ्या हातात दिलं. लहानपनी अय्यानं दीक्षा देऊन बांधलेलं. बाळंतपनात काढलं न्हाई तिनं, तापात काढलं न्हाई. मी ते हातात घेऊन बाकड्यावर बसलो, आन् ती आतच गेली."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"कपाळावरची विभूती पुसलेली, गळा मोकळा. अशी बाहेर आली. आमच्यात जितं मानूस लिंगाबिगर राहत न्हाई, ग्यानोबा. मरताना तर न्हाईच. मला मरायचं भ्याव न्हाई. तसं उघडं मरायचं न्हाई."

"मग हे मृत्युंजयला सांग."

"कसं सांगू? कागदावर सही त्यानंच केली होती. मी सांगितलं की त्याला वाटंल, आप्पा इतकी वर्सं माझ्याकडं बोट करून बसलेत. आईला मी तसं पाठवलं म्हनतेत. पोरगं मोडून पडंल." त्यानं तिकिटाकडे पाहिलं. "घोडा आला न्हाई म्हनलं की कुनाचीच चूक न्हाई."

भोंगा वाजला. घोडे सुटायच्या जागेकडे गेले होते. मला खूप बोलायचं होतं, पण तिथं त्या वेळी कुणीच कुणाचं ऐकत नाही.

रेस सुटली. सात नंबर पहिल्याच झटक्याला पुढं आला. मी म्हटलं, जिरून जाईल, फेसाळलेला घोडा अर्ध्यात मोडतो. विरूपाक्षही तसाच बघत होता, हात गुडघ्यावर. अर्धं मैदान झालं. सात पुढंच होता. वळणावर घोडे झुंडीनं आत आले, आणि सात तरी पुढंच. आता सरळ पट्टा. पाठीमागून दोन नंबर हळूहळू सुटत होता.

तेव्हा विरूपाक्ष उठला. कठडा धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून आवाज फुटला.

"चल! चल रे सात! चल माझ्या राजा!"

इतका मोठा आवाज त्याच्या छातीत उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तो कठड्यावर मूठ आपटत होता. मीही ओरडलो. काय ओरडलो, आठवत नाही.

दोन नंबरनं शेवटच्या खांबापाशी त्याला गाठलं. मानेभर फरकानं दोन पहिला आला. सात दुसरा.

भोवतीचे लोक तिकिटं फाडून टाकत होते. विरूपाक्षनं आपलं तिकीट फाडलं नाही, टाकलंही नाही, नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. उरलेल्या रेस आम्ही पाहिल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून होता. झोपला नव्हता. बिदरला चहा घेतला तेव्हा एवढंच म्हणाला, "पळाला मात्र चांगला."

मी हात देऊन बसलो होतो. ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, हे ठरलं होतं. पण मल्लम्माबद्दल न बोलण्याचं काही ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. मृत्युंजय तांब्यांची उतरंड लावत होता. मी त्याला आईच्या लिंगाची सगळी गोष्ट सांगितली. जशी ऐकली तशी, काही न गाळता. तो हातातला तांब्या धरून उभाच राहिला. गिऱ्हाईक आलं, ते कळशीचा भाव विचारून निघून गेलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"पिशवी मीच आप्पांच्या हातात दिली होती, काका," तो म्हणाला. "नर्सनं माझ्याकडे दिली, मी त्यांच्याकडे. मला वाटलं, त्यांच्याजवळ असलेली बरी." विरूपाक्षनं एवढंच मला गाळून सांगितलं होतं.

त्यानं शटर ओढलं आणि तसाच लातूरला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा विरूपाक्ष ओसरीवर पलंगावर बसला होता आणि मी शेजारी. मृत्युंजय बापाच्या पायाशी बसला.

"आप्पा, मी डॉक्टरांना विचारून आलो. लिंग काढायचं नाही. धुतलेल्या कापडात गुंडाळून दंडाला बांधू म्हणाले. मी स्वतः बांधेन. आत जाताना, आत असताना, बाहेर येताना, अंगावरच राहील."

विरूपाक्षनं आधी माझ्याकडे पाहिलं. रागावला नव्हता. मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आईचं मनाला लावून घेऊ नको. सही कुनाला तरी करावीच लागती."

मृत्युंजय रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, केस पांढरे झालेला. विरूपाक्ष त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

"मग तारीख घेऊ का, आप्पा?"

"तारीख कशाची?"

"ऑपरेशनची."

"ते न्हाई. ते रेसला ठरलंय."

मृत्युंजयला काहीच कळलं नाही. मला सांगावं लागलं. सांगताना मला माझ्याच तोंडची ती गोष्ट वेड्यासारखी वाटत होती. वर्षाराणी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आप्पा, घोड्याला काय कळतंय?"

"घोड्याला न्हाई कळत, माय. मला कळतंय."

मग मीच शब्द मोडला. "अहो आप्पा," मी म्हणालो, "ती रेस खरी नव्हती. हरणारा घोडा बघून लावला तुम्ही. लबाडी केली. लबाडीच्या रेसचा शब्द कुणी पाळतं का?"

त्यानं मान डोलावली.

"लबाडी केली, हे खरं," तो म्हणाला. "पन ग्यानोबा, तो मानेभर पुढं राहिला असता तर? मी म्हनलो असतो का, लबाडीनं लावला होता म्हनून जात न्हाई? गेलो असतो. लिंग काढून गेलो असतो. मग आता कसं फिरवू?"

"शेवटाला ओरडत होता तुम्ही त्याच्यासाठी."

"हाव. ओरडलो तवाच कळलं मला, की जायचं हाय." त्यानं बंडीचा खिसा चाचपला. "उशिरा कळलं. घोडे पट्ट्यावर आले होते."

वर्षाराणी आत जाऊन चहा ठेवू लागली.

पुढे सगळ्यांनी प्रयत्न केले. अय्यांना, म्हणजे त्यांच्या गुरूंना बोलावलं. त्यांनी समजावलं की घोड्याला दिलेला शब्द धर्मात बसत नाही. लातूरच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. विरूपाक्ष सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, चहा पाजायचा आणि म्हणायचा, बरोबर हाय तुमचं. जानेवारीभर तो दुकानात येऊन बसला. पाय सुजायला लागले तेव्हा घरीच बसू लागला. मी पंधरवड्याला एकदा नांदेडहून जायचो. रेसचं बोलणं निघालं तर तो ऐकायचा, पण पुन्हा जाऊ असं कधी म्हणाला नाही. रोज सकाळी लिंगपूजा करताना तळहातावर लिंग घेतलं की हात कापायचा, म्हणून मृत्युंजय खालून त्याच्या हाताला हात लावायचा. बापलेक असे बसलेले मी दोनदा पाहिले. दोघं काहीतरी हळू बोलत असायचे. मी ओसरीवरच थांबायचो.

शिवरात्रीला त्यानं उपास धरला. कुणी अडवलं नाही. त्यानंतर तो अंथरुणातून उठला नाही.

विरूपाक्ष शरणप्पा निडवंचे १९ मार्च २०२४ रोजी, मंगळवारी सकाळी, उदगीरला राहत्या घरी वारले. मी नांदेडहून पोचलो तेव्हा त्यांना लिंगायतांच्या रीतीनं बसवलेलं होतं, गळ्यात लिंग होतं.